वेल्डिंग करणाऱ्या माणसानं बघावी अशी दुर्बीण: खोडदची जीएमआरटी

भोसरीत आमचं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. पत्र्याच्या शेड, ट्रस, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड, कंपन्यांना लागणाऱ्या ट्रॉल्या अशी कामं आम्ही करतो. विज्ञान दिनाला नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही दुर्बीण बघून आले, तेव्हापासून आमच्या गाळ्यांच्या रांगेतले लोक विचारतायत की तिथं बघण्यासारखं काय आहे, पोरांना न्यावं का, कामाचा दिवस मोडण्याइतकं ते आहे का. चहाच्या टपरीवर प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते.

जावं. कामाचा दिवस मोडूनही जावं. मात्र काय बघायला चाललोय ते घरातल्या सगळ्यांना आधी सांगा. खोडदला डोळा लावून बघायची दुर्बीण नाही. शनीची कडी, चंद्रावरचे खड्डे यातलं काही तिथं दिसत नाही. ही रेडिओ दुर्बीण आहे. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ती गोळा करते, त्यामुळे भर दुपारी चालते, आभाळ भरून आलं तरी चालते. आमच्या पुढं एक कुटुंब होतं, त्यातली लहान मुलगी सारखी आईला विचारत होती, "तारा कुठंय?" तिला आधी कुणी सांगितलं असतं की इथं तारे ऐकतात, तर ती जास्त रमली असती.

नाव मोठं आहे, जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे एनसीआरए, ती चालवतं, आणि हे केंद्र आपल्या गणेशखिंडला विद्यापीठाच्या आवारातच आहे. औंधकडून शिवाजीनगरला जाताना त्या आवाराला मी किती वर्षं वळसा घातला असेल. आत बसलेली माणसं ऐंशी किलोमीटरवरच्या शेतांत जगातली एक नावाजलेली दुर्बीण चालवतात, हे पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारीत फार कमी लोकांना ठाऊक आहे. मला त्याचं वाईट वाटतं, कारण हे मूळ काम आपलंच आहे. पाइप, तार, वेल्डिंग, गिअर, बेअरिंग.

तर डिशबद्दल. हाच भाग मी सविस्तर सांगणार आहे.

एकूण ३० डिश आहेत आणि प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. कागदावर हा आकडा वाचून काही वाटत नाही. खाली उभं राहून वर बघितलं की आपण शेडचे जे मोठ्यात मोठे स्पॅन केलेत ते आठवतात, आणि मग ती सगळी शेड उचलून एका काँक्रीटच्या बुरुजावर ठेवायची, वर-खाली कलवायची आणि गोल फिरवायची, असा विचार डोक्यात येतो. मी तिथं बराच वेळ नुसती मान वर करून उभी होते. एका डिशचं क्षेत्रफळ साधारण १,५९० चौरस मीटर भरतं. तिसांची बेरीज केली तर पावणेबारा एकर.

एवढा मोठा पृष्ठभाग म्हटला की आमच्या धंद्यातल्या माणसाचा पहिला प्रश्न वाऱ्याचा. होर्डिंगची फ्रेम करताना लोखंडाचं वजन हा दुय्यम हिशेब असतो, खरा हिशेब वाऱ्याच्या दाबाचा. वळवाच्या वादळात होर्डिंग कोसळल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. १,५९० चौरस मीटरचा भरीव पत्रा वर उभा केला तर त्याला पेलणारा सांगाडा, बुरुज, पाया, गिअर, मोटरी सगळंच अवाढव्य होत जाईल, आणि खर्चही.

इथंच, जीएमआरटीची कल्पना ज्यांची, त्या प्राध्यापक गोविंद स्वरूप यांचं डोकं दिसतं. त्यांनी पत्रा लावलाच नाही. डिशला पाइपच्या १६ वक्र फ्रेम आहेत, मधल्या हबपासून कडेपर्यंत छत्रीच्या काड्यांसारख्या पसरलेल्या. दोन फ्रेमच्या मध्ये स्टेनलेसचे वायर रोप ताणून बांधलेत आणि त्या रोपांवर बारीक तारेची जाळी ताणलीय. तार ०.५५ मिलिमीटर जाडीची. जाळीचे चौकोन मधल्या भागात १० मिलिमीटरचे, कडेकडे जाताना १५ आणि २० मिलिमीटरचे. वारा बहुतेक सगळा आरपार निघून जातो. खालून बघितलं तर डिशमधून आभाळ दिसतं.

आणि तरी ती आरसा म्हणून काम करते. माझ्या भाच्याने, तो मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिथल्या एका संशोधक मुलीला हेच विचारलं, की एवढ्या भोकांतून लहरी निसटत कशा नाहीत. तिनं फळ्यावर दोन रेघा काढून समजावलं. हायड्रोजन वायूची जी प्रसिद्ध रेडिओ लहर आहे तिची लांबी २१ सेंटिमीटर. दुर्बीण ज्या इतर लहरी पकडते त्या याहूनही लांब, दोन मीटरपर्यंतच्या. १ किंवा २ सेंटिमीटरचं भोक अशा लहरीला भोक वाटतच नाही, तिच्या दृष्टीनं ती सलग भिंतच असते. म्हणजे कोणत्या लांबीच्या लहरी ऐकायच्या हे आधी ठरवलं, त्यावरून जाळी किती विरळ चालेल ते ठरलं, त्यावरून वाऱ्याचा दाब, त्यावरून लोखंड, आणि त्यावरून पैसे. ड्रॉइंग असं भौतिकशास्त्रातून खाली उतरत आलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. आमच्याकडे ड्रॉइंग येतं तेव्हा त्यामागचं कारण कुणी सांगत नाही.

आणखी एक बारकाई. जाळी ताणली की तिचे सपाट तुकडेच होतात, ती पूर्ण वक्र होत नाही. म्हणजे ही डिश अनेक लहान सपाट तुकडे जोडून वक्राच्या जवळ नेलेली आहे. इतक्या लांब लहरींसाठी तेवढी अचूकता पुरते. जिथं मिलिमीटरची गरज नाही तिथं मिलिमीटरवर पैसे घालवायचे नाहीत, ही शिस्त आमच्या धंद्यात नफा-तोटा ठरवते. एका शास्त्रज्ञानं ती इतक्या मोठ्या कामात पाळली, याचा मला मनापासून आदर वाटतो. त्यांचा हा पिंड जुनाच होता म्हणे. १९७० साली उटीला त्यांनी ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभी केली ती डोंगराच्या उतारावर, आणि उतार असा निवडला की त्याचा कोन तिथल्या अक्षांशाएवढा. त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला आपोआप समांतर झाला, आणि एकाच अक्षावर फिरवून ताऱ्याचा तासन् तास माग काढता आला. डोंगरच यंत्राचा भाग करून टाकला. जीएमआरटीची कल्पना त्यांनी १९८४च्या सुमारास मांडली, नव्वदच्या दशकात ती उभी राहिली आणि २००२पासून जगभरचे संशोधक ती वापरू लागले. २०२० साली पुण्यातच त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी आयईईई या जागतिक संघटनेनं जीएमआरटीला अभियांत्रिकीतला मैलाचा दगड म्हणून मान दिला.

माझे वडील, अप्पा, पिंपरीच्या एका कंपनीतून टर्नर म्हणून निवृत्त झालेत. त्यांना जाळीचं फारसं कौतुक वाटलं नाही, त्यांचं लक्ष गिअरवर. एका तंत्रज्ञाला गाठून त्यांनी विचारलं, "एवढा बोजा फिरवताय, गिअरमधला बॅकलॅश कसा मारलाय?" बॅकलॅश म्हणजे दात्यांमधला सैलपणा.

तो माणूस खुललाच. "काका, एका अक्षाला दोन मोटरी आहेत. दोघी एकमेकींच्या विरुद्ध थोडा ताण धरून असतात. दाते कायम एका बाजूला चिकटलेले राहतात."

अप्पा म्हणाले, "म्हणजे सैल सुटतच नाही."

"सुटायला नकोच. तिकडं तारा सरकतोय, इकडं डिश त्याच्यामागे सावकाश सरकतेय. मध्येच गचका बसला तर मोजमाप गेलं."

मग बेअरिंगचं ग्रीसिंग, ब्रेक, वारा वाढला की डिशचं तोंड सरळ वर करून ती कशी उभी ठेवतात, हे सगळं निघालं. शंभर टनांच्या घरातला बोजा इतका हळू आणि इतका एकसारखा फिरवायचा म्हणजे काय, ते चाळीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला लगेच समजतं. माझा सल्ला एवढाच, की खोडदला गेलात तर शास्त्रज्ञांचं ऐकाच, पण देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांना शोधून काढा. ते स्वतः पुढं येऊन बोलत नाहीत. विचारलं की मात्र हातचं काही राखत नाहीत.

आता ३० डिश कशाला, हा प्रश्न. चौदा मध्यभागी साधारण एका चौरस किलोमीटरमध्ये आहेत. बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन दिशांना गेल्यात, पूर्वेला ५, दक्षिणेला ५, पश्चिमेला ६. टोकाच्या डिशमधलं अंतर २५ किलोमीटर. प्रत्येक डिशनं पकडलेला सिग्नल फायबरच्या तारेतून मध्यवर्ती इमारतीत येतो आणि तिथं प्रत्येक डिशची उरलेल्या प्रत्येकीशी जोडी लावली जाते. तिसांच्या जोड्या किती होतात? भाच्यानं तिथंच काढलं, ४३५. डिश जितक्या लांब तितकी बारकाई जास्त, म्हणून २५ किलोमीटरवरच्या जोड्या एवढ्या मोठ्या एकाच डिशची बारकाई देतात. शिवाय पृथ्वी फिरते तशा या जोड्या आकाशाच्या हिशेबात जागा बदलत जातात आणि चित्र भरत जातं. हे मला पहिल्या फेरीत नीट समजलं नव्हतं, प्रदर्शनातल्या एका कॉलेजच्या पोरानं टॉर्च आणि पुठ्ठा घेऊन दाखवलं तेव्हा बसलं.

नारायणगावकडून खोडदला जाताना टोमॅटोच्या, कांद्याच्या शेतांत या बाहेरच्या डिश एकेकट्या उभ्या दिसतात. बैलगाडी, पाण्याचा टँकर आणि मागं ४५ मीटरची डिश. गाडी थांबवून बघा. अप्पांना आधी वाटलं ही आर्वीचीच डिश. आर्वीला, जुन्नर तालुक्यातच, १९७१ साली विक्रम उपग्रह भूकेंद्र झालं, ते त्यांच्या तरुणपणी फार गाजलेलं. त्याचं काम वेगळं, ते उपग्रहाशी बोलण्यासाठी. खोडदची डिश फक्त ऐकते.

आणि ऐकायचं म्हणजे शांतता पाहिजे. आवारात शिरतानाच फोन बंद करायला सांगतात. ते मनापासून पाळा. आकाशातून येणारी लहर इतकी क्षीण असते की जवळचा मोबाइल तिला सहज बुडवून टाकतो. आम्हाला हे समजवायला लागलं नाही. युनिटमध्ये अप्पांचा जुना ट्रान्झिस्टर असायचा, इकडं आर्क मारला की तिकडं गाणं खरखरायचं. ठिणगी म्हणजे रेडिओ लहरींचा गोंगाटच. विजेच्या लाइनवर उडणारी ठिणगीसुद्धा इथं त्रास देते, म्हणून असा गोंगाट कुठून येतो ते शोधत राहणं हाही इथल्या कामाचा भाग आहे. खोडदची जागा निवडली त्यामागं तेच कारण. आजूबाजूला डोंगरांचा आडोसा, तेव्हा कारखाने नाहीत, आणि तरी पुणे-मुंबई हाताशी. शिवाय इथून दक्षिणेकडचं आकाशही बऱ्यापैकी दिसतं. माझ्या मनात आलं, चाकणची कारखानदारी उत्तरेकडं सरकतेय, ती तिथवर पोचू नये. मी स्वतः त्या कारखानदारीवर जगते, तरी हे म्हणते.

मिळवलं काय, हे विचारणारे भेटतातच. तिथं फलकांवर बरंच आहे, मला जे भिडलं तेवढं सांगते.

पल्सार नावाचे मेलेल्या ताऱ्यांचे गाभे असतात, स्वतःभोवती प्रचंड वेगानं फिरणारे, काही तर सेकंदाला शेकडो वेळा. प्रत्येक फेरीला रेडिओचा एक ठोका येतो आणि ठोके इतके नियमित असतात की त्यांवर घड्याळ लावावं. आता आकाशात विखुरलेल्या अशा अनेक पल्सारांचे ठोके वर्षानुवर्षं नोंदवत राहायचे. अवाढव्य कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरताना अवकाशात ज्या गुरुत्वीय लहरी उठवतात, त्या आपल्या इथून गेल्या तर हे ठोके किंचित पुढं-मागं होतात, आणि तेही सगळ्या पल्सारांत एका ठरावीक नात्यानं. या लहरींचा एक हेलकावा पूर्ण व्हायला वर्षं लागतात. जून २०२३मध्ये अशा लहरींचा पुरावा मिळाल्याचं जगातल्या वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी जाहीर केलं. त्यात युरोपच्या गटाबरोबर भारतीय गट होता, आणि भारतीय गटाची मोजमापं खोडदच्या याच डिशची. म्हणजे अप्पांनी ज्या गिअरची चौकशी केली ते गिअर, ती जाळी, तो तंत्रज्ञ, सगळे या शोधात आहेत. तो फलक मी परत जाऊन वाचला.

दुसरं, २०२३च्याच जानेवारीत जाहीर झालेलं काम. अतिशय दूरच्या एका दीर्घिकेतल्या, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट समूहातल्या, हायड्रोजनची लहर खोडदला पकडली गेली. ती तिथून निघाली त्याला सुमारे ८८० कोटी वर्षं झालीत. निघताना २१ सेंटिमीटरची होती, विश्व प्रसरण पावत गेलं तशी वाटेत ताणली जाऊन पोचेपर्यंत ४८ सेंटिमीटरच्या आसपास झाली. इतक्या दुरून एरवी काही कळलं नसतं, पण मध्ये आलेल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणानं भिंगासारखं काम करून ती लहर कित्येक पटींनी वाढवून दिली. हे काम करणारे संशोधक कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे. दुर्बीण आपली आणि वापरायला जगाला खुली, हे मला फार आवडलं.

२०१६ साली युरोपचं शियापारेली हे यान मंगळावर उतरत होतं तेव्हा त्याचा क्षीण सिग्नल खोडदनं पकडला होता, तेही फलकावर आहे. यान कोसळलं, पण उतरतानाचा सिग्नल खोडदला ऐकू आला होता.

आता व्यवहाराचं. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन, १९२८ साली त्या दिवशी रामन परिणामाचा शोध जाहीर झाला म्हणून. त्या सुमारास खोडदला सगळ्यांसाठी दार उघडतात, प्रवेश फुकट. शाळा-कॉलेजांच्या पोरांचं मोठं प्रदर्शन असतं, ग्रामीण भागातल्या शाळा फार हिरीरीनं येतात. गर्दी प्रचंड. सकाळी लवकर पोचलात तर डिशपाशी निवांत उभं राहता येतं, अकरानंतर नाही. एरवी जायचं तर गटानं, आधी एनसीआरएची परवानगी काढून. भोसरीहून चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव आणि तिथून पूर्वेला आत. चाकणची कोंडी टाळायची तर सहाच्या आत निघा. टोपी, पाणी घ्या, माळावर ऊन लागतं आणि चालणं बरंच आहे. अप्पांसाठी घडीची खुर्ची नेली होती ती उपयोगी पडली. खाणं नारायणगावात उरकून घ्या.

लहान मुलांना नेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण पाचवीच्या पुढच्यांना खरी मजा येते. सगळ्यात जास्त कुणाला मिळेल म्हणाल तर आयटीआयच्या वेल्डर, फिटर, टर्नर ट्रेडच्या पोरांना. विज्ञानाच्या सहली शाळांच्या जातात, आयटीआयच्या जाताना मी बघितल्या नाहीत. ज्या मुलाला "तू फक्त वेल्डर होणार" असं घरी ऐकावं लागतं, त्याला त्या १६ फ्रेमखाली उभं करा आणि सांगा की यातला प्रत्येक जोड कुणीतरी हातानं केलाय. आपल्या भागातल्या आयटीआयच्या प्राचार्यांनी हे मनावर घ्यावं, अशी माझी विनंती आहे. गाडीची सोय लागत असेल तर आमचा टेम्पो आहे.

पुढच्या विज्ञान दिनाला आमचं युनिट बंद ठेवणार आहे. आमचे दोन्ही वेल्डर आणि हेल्पर पोरगा बरोबर येतील. ज्यांना यायचंय त्यांनी जानेवारीतच सांगा, म्हणजे गाड्यांचं ठरवता येईल.